पेटीबरोबर पावसाळ्याचा खर्चही धरा
मधमाशा पाळायच्या मधपेट्यांवर 50 टक्के अनुदान मिळतं, हे तुमच्या मधमाशीपालनावरच्या लेखात छान समजावलंय. मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, याचा आम्हा महाबळेश्वर भागातल्या लोकांना अभिमानच आहे. पण पेटी मिळाली म्हणजे माशी टिकली असं होत नाही हो. इथे जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. माशीला बाहेर पडता येत नाही, साखरेचा पाक पदरमोड करून घालावा लागतो. पेटीतली माशांची वसाहत अशक्त झाली की मेणकिडा, म्हणजे पोळ्याचं मेण खाणारी अळी, शिरलाच. गेल्या श्रावणात एक पेटी उघडली, तर पोळ्याच्या चौकटींवर किड्याची पांढरी जाळी, तळाशी काळा चुरा आणि सातेरी (आपल्याकडच्या देशी) माशा गायब. फार जीव तुटला. अनुदानात पावसाळ्यातली साखर आणि महिन्या-दोन महिन्यांनी पेट्या तपासणारा जाणकार माणूस, एवढं तरी धराच.