वजाबाकीला गेलो आणि…

एक आर्टिचोक, म्हणजे ज्याच्या कळ्या खातात ते झाड, आटोक्यात आणायचे, एवढाच माझा बेत होता. रोप आणले तेव्हा ते हाताएवढे होते; चौथ्या वर्षी ते माझ्या खांद्याला लागले, आडवेही तेवढेच पसरले, आणि त्याच्या करड्या-चंदेरी, कातरलेल्या पानांनी शेजारच्या वाफ्यातल्या भाज्यांचे ऊन बिनदिक्कत गिळायला सुरुवात केली. एवढा विस्तार करूनही कळ्या मात्र दरवर्षी लहान होत चालल्या होत्या. जाणकारांचे म्हणणे असे की, बुंध्याशी फुटव्यांची गर्दी झाली की असेच होते, म्हणून दर तीन-चार वर्षांनी ते वेगळे करून लावावेत. बियांपासून केलेली रोपे मूळ झाडावर जातीलच याची खात्री नसते, फुटवा मात्र हुबेहूब निघतो. हे ‘हुबेहूब’ मी त्या वेळी पुरेशा गांभीर्याने घेतले नाही.

वसंताच्या सुरुवातीला, फुटवे वीतभर उंच झाल्यावर, मी माती उकरून बुंधा उघडा केला. फुटवा काढताना त्याच्या तळाशी जुन्या खोडाची एक चकती आणि थोडी मुळे आलीच पाहिजेत, हे मला पाठ होते. पण पहिल्या फुटव्याला मी नुसता हिसका दिल्यामुळे पाने माझ्या मुठीत आली आणि मुळे जमिनीतच राहिली. दुसऱ्यालाही तेच झाले. मग मात्र गुडघ्यांवर बसून, धारदार सुरी फुटवा आणि बुंधा यांच्या सांध्यात तिरकी घालून, लाकूड करकरत सुटेपर्यंत दाबत राहिलो. याच सुमारास घाम पुसताना बोट ओठाला लागले. आर्टिचोकच्या पानांचा कडूपणा औषधी मानतात, असे ऐकून होतो. तो तीनदा हात धुऊनही जात नाही, हे स्वानुभवाने सांगतो.

बुंध्यावर जोमदार असे तीन फुटवे ठेवून नऊ वेगळे निघाले. बाष्पीभवन कमी व्हावे म्हणून त्यांची पाने मी निम्म्याहून अधिक छाटली, तरीही लावल्यावर तासाभरात सगळे असे माना टाकून पडले की, “अहो, हे लावलेत की पुरलेत?” असे सौभाग्यवतींनी खिडकीतून विचारले. सावली केली, सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. बाहेरची पाने वाळून गेली, परंतु अठराव्या दिवशी एकाच्या पोटातून बोटाच्या पेराएवढे, लव असलेले नवे पान वर आले, आणि आठवडाभरात उरलेल्या आठांनीही त्याचा कित्ता गिरवला. एकही दगावला नाही. वास्तविक दोन-तीन दगावतील, या हिशेबानेच मी नऊ लावले होते.

दोन झाडांत निदान 90 सेंटिमीटर अंतर लागते, हे मोजपट्टी हातात घेतल्यावर नीट समजले. तूर्त भाज्यांचा वाफा गेला आहे, पायवाट अर्धी गेली आहे, आणि ओळखीचे लोक, ज्यांना मी आर्टिचोकची कळी उमलण्याआधीच खावी लागते हे उत्साहाने सांगत असे, आता मी हातात कुंडी घेऊन येताना दिसलो की दार लावून घेतात. काल जुन्या बुंध्याभोवती खत घालताना, सुरुवातीला मुळे जिथे तुटून राहिली होती, नेमक्या तिथेच दोन नवे कोंब दिसले.