दक्षिण चीन समुद्र ‘दोन हजार वर्षांपासून चीनचा’? त्या मेसेजमधल्या दाव्यांना उत्तर

व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दक्षिण चीन समुद्र दोन हजार वर्षांपासून चीनचाच आहे, फिलिपिन्सने चीनविरुद्ध नेलेल्या तंट्यात आंतरराष्ट्रीय लवादाने दिलेला २०१६चा हेगचा निकाल चीनच्या गैरहजेरीत लागला, म्हणून तो पोकळ, फिलिपिन्स अमेरिकेच्या चिथावणीने उड्या मारतो, आणि चार ओसाड खडकांच्या या भांडणाशी भारताला देणंघेणं नाही. भाषा अभ्यासू असल्यामुळे चांगली वाचणारी माणसंही तो पुढे पाठवतात. त्यातला एकेक दावा तपासू.

‘दोन हजार वर्षांपासून चीनचा’

चीनच्या हैनान बेटावरचे मासेमार पिढ्यान्‌पिढ्या या खडकांवर जात आले, हे खरं आहे. पण व्हिएतनामचे आणि फिलिपिन्सच्या लुझोन बेटाचे मासेमारही जात होते. १७३४ साली मनिलात छापलेल्या नकाशात आजच्या स्कारबरो शोलची (फिलिपिन्सजवळच्या उथळ प्रवाळ भागाची) नोंद ‘पानाकोट’ नावाने आहे. मासे धरायला जाण्याने कुणाची समुद्रावर सत्ता होत नाही. नकाशावर जवळजवळ सगळ्या समुद्राला वेढणाऱ्या ज्या तुटक रेषेवर चीनचा दावा उभा आहे, ती अधिकृत नकाशावर आली १९४७ साली, कम्युनिस्टांच्या आधीच्या सरकारच्या काळात. तेव्हा तिचे अकरा तुकडे होते. पुढे टोंकिनच्या आखातातले दोन गळले. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या पत्रासोबत नऊ तुकड्यांचा नकाशा जोडला गेला, तोही अक्षांश-रेखांशांशिवाय. २०२३च्या नकाशात तुकडे दहा झाले. दोन हजार वर्षांची हद्द अशी कमी-जास्त होत नाही.

‘निकाल एकतर्फी, म्हणून रद्द’

मेसेजमधला सगळ्यात दिशाभूल करणारा भाग हाच. चीनने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा करार मंजूर केला. तंटा झाला तर लवाद, ही त्यातलीच अट. एक पक्ष आला नाही तरी कामकाज थांबणार नाही, हेही कराराच्या सातव्या परिशिष्टात लिहिलं आहे. शिवाय चीनने डिसेंबर २०१४ मध्ये आपली बाजू मांडणारा सविस्तर दस्तऐवज जाहीर केला होता आणि लवादाने तो विचारात घेतला.

निकाल नेमका काय, हे मात्र मेसेजमध्ये कुठेच नाही. खडक कुणाच्या मालकीचे, यावर लवादाने एक शब्दही उच्चारला नाही. तो अधिकार त्याला नव्हताच. त्याने तपासलं ते एवढंच, की अशा खडकाभोवती किती समुद्र मिळतो. माणसांची वस्ती आणि व्यवहार तगू शकतील अशा बेटाला २०० सागरी मैलांचं आर्थिक क्षेत्र मिळतं, म्हणजे तिथल्या मासे-खनिजांवर त्या देशाचाच हक्क. भरतीला माथा वर राहतो पण वस्ती तगणार नाही, अशा खडकाला फक्त १२ सागरी मैल. भरतीत बुडणाऱ्याला स्वतःचं काहीच नाही. वादातले मिसचिफ रीफ आणि सेकंड थॉमस शोल हे दोन प्रवाळी भाग या शेवटच्या प्रकारात बसले आणि दोन्ही फिलिपिन्सच्या आर्थिक क्षेत्रात निघाले. याच समुद्रातल्या स्प्रॅटली बेटसमूहातलं सगळ्यात मोठं नैसर्गिक बेट इटू अबा तैवानच्या ताब्यात आहे; तेसुद्धा खडकच ठरलं. म्हणजे उद्या तिथला प्रत्येक खडक चीनचा मानला, तरी त्या तुटक रेषेच्या आतला समुद्र त्याच्या पदरात पडत नाही.

‘हेगने स्कारबरो आम्हाला दिला’ असं सांगणारे फिलिपिन्सचे समर्थकही चुकतात. तिथे पारंपरिक मासेमारीचा हक्क लवादाने फिलिपिनो आणि चिनी, दोघांनाही मान्य केला. फिलिपिनो मासेमारांना अडवणं, हा चीनने केलेला त्या हक्काचा भंग ठरला.

असे निकाल मानायचे नसतात असं वाटत असेल, तर आपलंच उदाहरण पाहा. ७ जुलै २०१४ रोजी बांगलादेश-भारत सागरी सीमेचा निकाल याच परिशिष्टाखाली लागला. वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी जवळपास १९,५०० बांगलादेशाला गेले. भारताने तो मान्य केला. त्या लवादातले तिघे सदस्य पुढे चीनच्या खटल्यातही होते.

‘सगळी अमेरिकेची चिथावणी’

फिलिपिन्सच्या सिनेटने १९९१ मध्ये लष्करी तळांचा करार फेटाळला आणि १९९२ मध्ये अमेरिकी आरमार तिथल्या सुबिक तळावरून निघून गेलं. मिसचिफ रीफवर चिनी बांधकामं आढळली ती १९९५ मध्ये. तेव्हा चीनने ते मासेमारांसाठीचे निवारे असल्याचं सांगितलं. आज तिथे धावपट्टी आहे. १४ मार्च १९८८ रोजी स्प्रॅटलीतल्या जॉन्सन साऊथ रीफजवळ चिनी नौदलाच्या गोळीबारात व्हिएतनामचे ६४ जण मारले गेले. तेव्हा व्हिएतनाम आणि अमेरिकेत राजनैतिक संबंधही नव्हते. अमेरिकेने स्वतः तो सागरी करार आजवर मंजूर केलेला नाही, ही टीका रास्त आहे. व्हिएतनामही गेली काही वर्षं आपल्या ताब्यातल्या खडकांवर भराव टाकतो आहे आणि त्याखाली प्रवाळ मरतंच आहे. पण यातलं काहीच चीनचा दावा खरा ठरवत नाही.

‘ओसाड खडक, आपल्याला काय’

जून २०१९ मध्ये फिलिपिन्सजवळच्या रीड बँक या उथळ भागाजवळ रात्री नांगरून उभ्या असलेल्या एका फिलिपिनो मासेमारी बोटीला चिनी जहाजाने धडक दिली आणि ते निघून गेलं. पाण्यात पडलेल्या २२ मासेमारांना व्हिएतनामी बोटीने वाचवलं. १७ जून २०२४ला सेकंड थॉमस शोलवर रसद नेणाऱ्या फिलिपिनो सैनिकांवर चिनी तटरक्षक सुरे-कुऱ्हाडी घेऊन चालून आले. एकाचा अंगठा तुटला. ११ ऑगस्ट २०२५ला स्कारबरोजवळ फिलिपिन्सच्या गस्ती जहाजाचा पाठलाग करताना चीनची विनाशिका आणि तटरक्षक जहाज एकमेकांवरच आदळलं. पुढच्याच महिन्यात चीनने तिथे निसर्ग-राखीव क्षेत्र जाहीर केलं. हाच तो शोल, जिथे चिनी बोटी महाकाय शिंपले उपसून प्रवाळाची नासाडी करत होत्या आणि सरकारने त्यांना रोखलं नाही, असं लवादाने नोंदवलं होतं.

आणि आपला संबंध? जपान-कोरियाकडे जाणाऱ्या मालवाहू जहाजांवर कोकणातली आणि गोव्यातली माणसं याच पाण्यातून जातात. आपल्या सरकारी तेल कंपनीचा, ओएनजीसी विदेशचा, व्हिएतनामकडचा तेलशोधाचा ब्लॉक १२८ त्या तुटक रेषेच्या आत येतो, आणि त्याला चीनने हरकत घेतली होती. जून २०२३ मध्ये भारताने फिलिपिन्ससोबतच्या संयुक्त निवेदनात २०१६च्या निकालाच्या पालनाचा उल्लेख केला. त्यानंतर ऑगस्टमध्ये चीनचा तो दहा तुकड्यांचा नकाशा आला. त्यात अरुणाचल प्रदेश आणि अक्साई चीनही चीनमध्ये दाखवले आहेत. या नकाशाची समुद्राकडची बाजू खरी आणि हिमालयाकडची खोटी, हे कोणत्या न्यायाने ठरवायचं, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.