विविधता दिन आणि डब्यातला जवळा

मुलांमध्ये विविध संस्कृतींविषयी आदर रुजवायचा असेल, तर शाळेने त्यासाठी वर्षातला एक शनिवार नेमून द्यावा, म्हणजे उरलेल्या दिवसांत त्या संस्कृतींचा त्रास होत नाही.

त्या शनिवारी चिठ्ठ्या टाकून मुलांना एकेक राज्य वाटावे. माझ्या तिसरीतल्या मुलीच्या वाट्याला आसाम आला. मेखेला-चादर कशी नेसतात, हे घरात कोणालाच ठाऊक नसल्यामुळे नेरूळच्या ड्रेसवाल्याने 600 रुपये भाड्याने जे दिले ते आम्ही आणले. ते बहुधा भरतनाट्यमचे होते. वर्गात मूळची गुवाहाटीची एक मुलगी आहे, पण तिला काही विचारायला जाऊ नये, कारण तिच्या चिठ्ठीत महाराष्ट्र निघाला होता आणि ती नऊवारीला पिना लावून घेत रडत होती. वाशी स्टेशनाजवळ आसाम भवन आहे, हेही मुलांना कळू देऊ नये.

2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली आहे, तेव्हा तिचा तास वेळापत्रकात ठळक छापावा. शिकवायला चित्रकलेचे सर मोकळेच असतात.

पालकांच्या व्हॉट्सॲप गटाबद्दल काही सांगायला नको.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा डब्याचा. विविधता डोळ्यांना दिसावी, कानांना ऐकू यावी, पण तिला वास असता कामा नये. माझ्या मुलीच्या बाकावर बसणारा मुलगा दिवाळे गावातला, कोळ्याचा. शनिवारच्या कोळीनृत्यात तो पहिल्या रांगेत होता आणि पाटी खरीखुरी दिसावी म्हणून त्याच्या आजीची मासे विकायची पाटी धुऊन, दोनदा धुऊन, मागवण्यात आली होती. सोमवारी त्याने तांदळाची भाकरी आणि सुका जवळा आणला, तेव्हा बाईंनी त्याला डब्यासकट व्हरांड्यात बसवले. शनिवारचे पुठ्ठ्याचे पापलेट तेथे अजून टांगलेले होते आणि त्याखाली बसून, भिंतीकडे तोंड करून, त्याने आपली भाकरी संपवली. घरी चिठ्ठी गेली की मुलाला ‘सर्वांना चालेल असा’ आहार द्यावा. सर्वांना म्हणजे कोणाला? 1970 मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ आले आणि 95 गावांची शेती व मिठागरे घेऊन हे नवी मुंबई शहर वसवले गेले. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी आगरी-कोळी माणसे शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्याबरोबर रस्त्यावर उतरली आणि जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळाले ते त्यानंतर. आणि त्याच लोकांच्या नातवाने, त्यांच्याच जमिनीवरच्या शाळेत, आजीच्या हातचा जवळा लपवून खायचा?

उपरोध पुरे झाला. बाई, आठ वर्षांच्या मुलाला जेवताना वर्गाबाहेर काढणे ही शिक्षा आहे आणि त्याचा गुन्हा काय, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही. वास सहन होत नसेल तर खिडकी उघडा. ज्या पालकांनी तक्रार केली त्यांच्या लेकरांना जवळा म्हणजे काय ते शिकवा. शाळा त्यासाठीच असते. त्या मुलाची वर्गासमोर माफी मागा आणि डब्याचे ते परिपत्रक मागे घ्या. जूनमध्ये त्यावर मीही न वाचता सही केली होती; काल कार्यालयात जाऊन ती खोडून आले आहे.