आठ गुणिले तीस

दुर्बीण घ्यायची म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "बघणार काय?" प्रश्न रास्त आहे. आम्ही मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहतो. खिडकीतून समोरच्या विंगचं स्वयंपाकघर दिसतं, आणि तिथे आज कोणती भाजी शिजतेय हे कळायला नुसतं नाक पुरतं. "फ्लेमिंगो," मी म्हणालो. हिवाळ्यात ते ठाण्याच्या खाडीत येतात. भांडुप पंपिंग स्टेशनला सकाळी गेलं की लांब चिखलावर गुलाबी रेघ दिसते. त्या रेघेला पाय आणि चोच फुटावी, एवढीच माझी माफक इच्छा. पण चांगल्या नव्या दुर्बिणीची किंमत ऐकून डोळे आपोआप मोठे होतात, आणि मला मंजूर झालेलं बजेट होतं चार हजार.

तेव्हा जुनी घ्यायची ठरली. हा व्यवहार वाटतो तितका वेडेपणाचा नाही. झाइस या जर्मन कंपनीने येना गावी प्रिझमची दुर्बीण बाजारात आणली ती १८९४ साली, आणि त्या बाकदार खांद्यांच्या दुर्बिणीची आतली रचना मुळात आजही तीच आहे. मोबाईलसारखं दर दिवाळीला तिचं वय होत नाही. होते ती बुरशी. त्याकडे येतोच.

शुक्रवारी चोर बाजारातली दुकानं बंद असतात आणि माल रस्त्यावर येतो. मी गेलो मधल्या वारी, मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात. ग्रामोफोनचे कर्णे, जहाजातले दिवे आणि कुणाच्या तरी आजोबांचे फोटो यांच्या मागून दुकानदाराने एक धूड काढलं. "पचास पावर, शेठ! चांद का गड्ढा दिखेगा." पावर जितकी जास्त तितकं चित्र जास्त हलतं, माझा हात चहाचा कप धरतानाही स्थिर नसतो, हे त्याला कोण सांगणार? मला हवी होती आठ गुणिले तीस. म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि पुढची काच तीस मिलिमीटरची. "वो तो बच्चों का है," म्हणत त्याने पितळेची एक पुढे केली. चामड्याचा पट्टा, वर 'लंडन १९१५' कोरलेलं. असल्या शोभेच्या वस्तू रुडकीला घाऊक बनतात. तिसरी 'जर्मन नेव्ही का माल'. तिच्यावर झाइसचं स्पेलिंग असं होतं की कोरणारा जर्मनीत असता तर संध्याकाळपर्यंत घरी बसला असता.

अखेर खालच्या फळकुटावरून रशियन आठ गुणिले तीस निघाली. मोबाईलचा टॉर्च लावून पुढच्या काचेतून आत पाहिलं. पावसाळ्यात आपल्या कपाटातल्या चामडी बुटांवर जी उगवते, तीच बुरशी काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि काचेवरचा लेप खाते. इथे एका कडेला ठिपका होता, बाकी स्वच्छ. आता खरी परीक्षा: दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत का? कधीकाळी आपटलेली दुर्बीण वरून धडधाकट दिसते, पण तिचे दोन डोळे दोन दिशांना बघतात. आपला मेंदू बिचारा तडजोड करत राहतो आणि दहा मिनिटांत डोकं धरतं. यासाठी लांबची एखादी आडवी सरळ रेघ बघायची, मग दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून मागे न्यायची. दोन्ही नळ्यांत रेघ एकाच पातळीवर राहिली तर ठीक.

पण मटण स्ट्रीटवर लांबचं असं काही नाहीच. समोरचं दुकान इतकं जवळ की दुर्बिणीतून फक्त धुकं दिसलं. "नंबर चेक कराओ, शेठ," दुकानदार म्हणाला. मी बाहेर येऊन आडव्या गेलेल्या केबलवर नेम धरला आणि वर बघत एक एक पाऊल मागे सरकू लागलो.

मुंबईत एक माणूस वर बघायला लागला की गर्दी फुकट मिळते. "क्या है? क्या है?" हातगाडीवाला थांबला. एकाने पतंग आहे म्हणून जाहीर केलं, दुसऱ्याने बिल्डिंग खचतेय. तिसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी खिडकी धाडकन लावली. कुठून तरी हवालदार उगवले. "काय चाललंय?" "साहेब, केबल बघतोय." "केबलवाले का तुम्ही?" नाही म्हणालो तर पुढचं सगळं समजावून सांगावं लागलं. त्यांनी दुर्बीण हातात घेतली, स्वतः केबल बघितली आणि म्हणाले, "सरळ आहे. घ्या." इतका अधिकृत तपासणी अहवाल आजवर कुठल्या दुर्बिणीला मिळाला नसेल.

घासाघीस थोडक्यात झाली. त्याने सात हजार सांगितले. ज्या देशाने ही बनवली तो १९९१ साली बंद पडला, वॉरंटी कुणाकडे मागू, असं मी विचारलं. हवालदार अजून जवळच उभे होते, त्यामुळे सौदा साडेतीन हजारांत मिटला. वर चामड्याची पेटी. तिचा वास वर्षानुवर्षं बंद असलेल्या लॉकरचा.

रशियन काचांचा जुना गुण म्हणजे सगळं पिवळसर दिसतं. कावीळ झालेल्याला जग पिवळं, तसे माझे फ्लेमिंगो किंचित केशरी निघाले. पण पाय दिसले, मध्येच वाकलेली ती चोचही दिसली. मी हरखून हिच्या हातात दुर्बीण दिली. तिने पक्ष्यांवरून ती सरळ पलीकडच्या किनाऱ्यावर नेली आणि ऐरोलीच्या नव्या टॉवरचे मजले मोजायला लागली.

सोसायटीत बातमी पोचायला वेळ लागत नाही. रविवारी सेक्रेटरी घरी आले, चहा घेतला, पक्ष्यांची चौकशी केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सकाळी पाणी आलेलं असताना बी विंगमध्ये पाइप लावून गाडी कोण धुतं, ते यातून दिसेल का हो? नंबरप्लेटसकट?"

"दिसेल," ही आतून म्हणाली, "पण प्लेट पिवळी दिसेल. टॅक्सीवाल्याला दंड लावू नका."