अकरा महिन्यांचा करार

गेला पंधरवडाभर आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरातील व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद चालू आहे. माझा अठरा वर्षांचा भाचा फुटबॉलमध्ये फॉरवर्ड, म्हणजे गोल करणाऱ्या आघाडीच्या जागी, खेळतो. कॅम्पातल्या आणि लेले मैदानावरच्या सामन्यांत त्याचे नाव झाले आणि आता देशातल्या खालच्या श्रेणीतील एका क्लबने त्याच्यापुढे करार ठेवला आहे. भावोजी उद्यमबागेतील फौंड्रीत आहेत. त्यांच्या मते मुलाने लष्कराच्या भरतीची तयारी करावी आणि पक्की नोकरी धरावी. अक्काला मुलात भारताचा कर्णधार राहिलेला सुनील छेत्री दिसतो. एक काका तर, बेंगळूरूच्या वाटेला न जाता कोल्हापुरातल्या एखाद्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळावे, निदान बोलणे तरी मराठीत होईल, यावर अडून बसले आहेत; आमच्याकडे कोणताही वाद तिसऱ्या वळणावर सीमाप्रश्नापाशी पोहोचतोच. या साऱ्यात कराराची तीन पाने मात्र कोणीच वाचली नव्हती. ती ना मराठीत होती ना कन्नडमध्ये. ती इंग्रजीत होती.

मी बारा वर्षांपासून इंग्लंडमध्ये, मँचेस्टरच्या उत्तरेकडील बेरी या गावात राहतो. बायचुंग भुतिया १९९९ ते २००२ या काळात याच गावच्या क्लबकडून खेळला. आपल्याकडे ‘युरोपात खेळलेला भारतीय’ म्हणून त्याचे उदाहरण दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ती इंग्लंडमधील तिसरी श्रेणी होती आणि तीन हंगामांत लीगमध्ये त्याचे गोल झाले तीन. म्हणजे भारताचा एवढा मोठा खेळाडू इथे खालच्या श्रेणीतला एक फॉरवर्ड होता, आणि त्यात कमीपणा काहीच नव्हता. आमच्या ग्रुपवरील वादात नेमकी हीच जागा रिकामी आहे. तिथे एक तर छेत्री आहे, नाही तर वाया गेलेला पोरगा.

माझ्या शेजारी असाच एक फॉरवर्ड राहतो. वय तेहतीस, आजवरचे क्लब नऊ. आता तो अर्धवेळ खेळतो आणि दिवसा पार्सलची गाडी चालवतो. शनिवारी संध्याकाळी त्याचे चिखलाने माखलेले बूट परसातल्या नळाखाली पडलेले असतात आणि त्याची धाकटी मुलगी जुन्या टूथब्रशने त्यांचे स्टड घासत बसते. बचावपटूची चूक लोक आठवड्यात विसरतात, पण फॉरवर्डला गोल न करता आठ सामने गेले की ते सगळे मोजत असतात, हे मला त्याच्याकडून कळले. ऑगस्टमध्ये ज्याच्या नावाचा गजर होतो, तो जानेवारीत उसना म्हणून दुसऱ्या क्लबकडे पाठवला जातो. मे महिन्यात क्लब कोणाला ठेवणार आणि कोणाला सोडणार याची यादी लावतात. करार ३० जूनला संपतात, आणि त्याच सुमारास घरभाडे, मुलांची शाळा, बायकोची नोकरी हे सारे पुन्हा नव्याने मांडावे लागते. त्याने असे पाच वेळा केले.

इथे सगळे आलबेल आहे असे मला म्हणायचे नाही. १८८५ साली स्थापन झालेला बेरीचा क्लब २०१९ मध्ये वरच्या श्रेणीत चढला, तेव्हा खेळाडूंचे पगार थकलेले होते, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला लीगमधून काढून टाकण्यात आले. फरक आहे तो इतकाच, की इथे फुटबॉल खेळणे हे काम मानले जाते. खेळाडूंची संघटना १९०७ मध्ये मँचेस्टरातच उभी राहिली. आठवड्याला २० पौंडांहून अधिक पगार देता येणार नाही ही मर्यादा तिने १९६१ मध्ये, संपाची तयारी करून, मोडून काढली. लीगमधील खेळाडूच्या ठरीव करारात दुखापतीवरील उपचारांची जबाबदारी आणि त्या काळातला पगार यांची कलमे असतात.

आपल्याकडेही आधार होता, पण तो वेगळ्या जातीचा होता. एअर इंडिया, विमाने बनवणारी एचएएल, टेलिफोन बनवणारी आयटीआय अशा सरकारी कंपन्यांच्या संघांतला खेळाडू गोल करो वा न करो, महिन्याच्या महिन्याला पगार घरी नेत असे. कंपन्यांच्याच संघांपैकी महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये आणि जेसीटी २०११ मध्ये बंद झाला, २०१४ मध्ये आयएसएल ही व्यावसायिक लीग आली, आणि नोकरीच्या जागी करार आला. तो किती टिकाऊ आहे हे ऑगस्ट २०२५ मध्ये दिसले: लीग चालवण्याच्या हक्कांचा तिढा सुटेना, तेव्हा बेंगळूरू एफसीने, म्हणजे खुद्द छेत्रीच्या क्लबने, मुख्य संघाचे पगार थांबवले. अर्थात भावोजींची पक्की नोकरीही आता तितकीशी पक्की राहिलेली नाही. २०२२ पासून अग्निवीर चार वर्षांचा असतो आणि पुढे कायम होतात ते फार तर पंचवीस टक्के.

भाच्याने शेवटी पाने मला पाठवली आणि खाली लिहिले, “मामा, सही करू की नको, सांग की.” करार अकरा महिन्यांचा होता, आपल्याकडच्या घरभाड्याच्या करारासारखा. शेजाऱ्याने तो आमच्या स्वयंपाकघरात चहा पिता पिता वाचला. पगाराच्या आकड्याकडे त्याने पाहिलेही नाही. गुडघा फाटला तर शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार आणि तोवर पगार चालू राहणार का, एवढेच त्याने विचारले. तीन पानांत त्याबद्दल एक ओळही नव्हती. उलट, सहा आठवड्यांहून अधिक काळ ‘अनुपलब्ध’ राहिल्यास क्लबला करार संपवता येईल, असे कलम मात्र ठळक अक्षरांत होते.

मी ते कलम मराठीत लिहून ग्रुपवर टाकले. दिवसभर कोणी काही बोलले नाही. रात्री पाळी संपवून घरी आलेल्या भावोजींचा फोन आला. “हे असं कसं? आमच्या फौंड्रीतसुद्धा ईएसआयचा विमा आहे की.” पोराने खेळूच नये असे ते या वेळी म्हणाले नाहीत. उपचारांचे एक आणि पगाराचे एक, अशी दोन कलमे घालून द्यावीत असे पत्र आम्ही मिळून क्लबला धाडले आहे. उत्तर अजून आलेले नाही, आणि सही करण्याची मुदत येत्या शनिवारी संपते.