‘मूर्ती शिशाच्या आहेत’ या तक्रारीबद्दल आमचे स्पष्टीकरण

सप्रेम नमस्कार.

आपला एका ताऱ्याचा अभिप्राय वाचला. ऐन दिवाळीत आपल्याला मनस्ताप झाला आणि सुट्टीमुळे आपल्या फोनला उत्तर मिळायला उशीर झाला, याबद्दल दिलगिरी व्यक्त करतो.

आपण लिहिले आहे की, दर महिन्याला एक मूर्ती घरी येऊन पूर्ण होणाऱ्या आमच्या ‘राज्याभिषेक दरबार’ या संचातील सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या मूर्तीचा रंग चार दिवसांत निघाला, आतून राखाडी शिसे दिसू लागले, घरात चार वर्षांचे मूल आहे, आणि ‘३९९ रुपयांचे आमिष दाखवून २३ हजारांना गंडवणारे हे लोक पैशासाठी मुलांना विष विकतात’. किमतीबद्दल ग्राहकाने बोलावे, तो त्याचा हक्कच आहे. शेवटचे चार शब्द मात्र आमच्याकडे ओतकाम आणि रंगकाम करणाऱ्या प्रत्येकाने वाचले आहेत आणि त्यानंतर चालू संच रद्द करण्याचे फोनही येऊ लागले आहेत, म्हणून हे उत्तर थोडे लांबणार आहे.

आमच्या मूर्तींत शिसे घातले जात नाही. त्या कथलाच्या मिश्रधातूच्या असतात. सुमारे ९२ टक्के कथील, बाकी अँटिमनी आणि तांबे. आपल्याकडे पितळी पातेल्यांना पिढ्यानपिढ्या ज्याची कल्हई होत आली, तेच हे कथील. शिसे त्याच्यापेक्षा कितीतरी पट स्वस्त असते, आणि कथलात मिसळले तर धातू कमी उष्णतेवर वितळून साच्यातल्या बारीक रेघांतही सहज उतरतो. युरोपात एके काळी खेळण्यातले सैनिक शिशाच्या मिश्रधातूचे असत ते याचमुळे. इंग्लंडच्या ‘ब्रिटन्स’ कंपनीचे असे सैनिक १९६६ पर्यंत बनत होते. आम्ही तो मार्ग धरला असता, तर आपल्याला जो दर जास्त वाटतो तो बराच खाली आणता आला असता, हे आपण कृपया लक्षात घ्यावे.

आता आपण जोडलेल्या छायाचित्राविषयी. ते मोठे करून पाहिले. रंग गेला आहे तो पायांपासून पोटरीपर्यंत. शेला, मिशा, पगडी जशीच्या तशी आहे. खाली दिसणारा सपाट राखाडी थर हा धातू नसून प्रायमर आहे, जो रंग धरावा म्हणून आधी मारावा लागतो. धातू त्याच्याही खाली असतो आणि खरवडला तर चांदीसारखा पांढरा दिसतो. छायाचित्रात डाव्या पायाशी तो गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेत दिसतोही. आणि सरसेनापतींच्या दोन्ही बाजूंना जे हिरवे दिसते, ते किल्ल्यावर पेरलेले हळीव आहे. म्हणजे मूर्ती मातीच्या किल्ल्यात रोवली होती आणि हळीव उगवावे म्हणून त्या मातीवर रोज पाणी शिंपडले जात होते. मुलांनी किल्ला करावा, त्यावर मावळे मांडावेत, याचे आम्हालाही कौतुकच आहे, पण त्यासाठी बाजारात मातीचे मावळे मिळतात. आमच्या खोक्यावर ‘संग्रहासाठी, १४ वर्षांखालील मुलांसाठी नाही, ओलाव्यापासून दूर ठेवावे’ असे छापलेले आहे. तलवारीचे टोक टोचते, ढाल सुटी निघते आणि लहान मूल ती गिळू शकते, यासाठीच ती सूचना आहे. कथील असो वा आणखी काही, चार वर्षांच्या मुलाने तोंडात घालण्याची ही वस्तू नव्हे.

मूर्ती ‘हाताला जड लागते, म्हणजे शिसेच’ असेही आपण म्हटले आहे. हे घरी पडताळता येते. हंबीररावांच्या मूर्तीचे वजन ११० ग्रॅम आहे. काठोकाठ भरलेल्या पेल्यात ती अलगद पूर्ण बुडवावी आणि ताटलीत सांडलेले पाणी औषधाच्या सिरिंजने मोजावे. मूर्ती शिशाची असेल तर दहा मिलिलीटरसुद्धा पाणी सांडणार नाही; कथलाची असेल तर पंधराच्या आसपास सांडेल. थोड्याशा भेसळीचा पत्ता या पद्धतीने लागत नाही, हे मान्य आहे. त्यासाठी एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणारी तपासणी करावी लागते. आम्ही घेतो त्या धातूच्या विटांच्या प्रत्येक खेपेचा तसा अहवाल आमच्याकडे असतो आणि आपल्या संचाच्या खेपेचा अहवाल आपल्या ईमेलवर पाठवला आहे. रंगांच्या बाबतीत, घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी जी ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घातली आहे, तीच आम्ही आमच्या रंगांना लावतो. इतके सांगूनही मनात शंका राहिली, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलाच्या रक्तातील शिशाची तपासणी जरूर करून घ्यावी. आईवडिलांच्या काळजीला आम्ही नावे ठेवणार नाही.

किमतीबद्दल थोडक्यात. संचात १८ मूर्ती आहेत: महाराज, जिजाऊसाहेब, सोयराबाई, शंभूराजे, अष्टप्रधान, गागाभट्ट, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आणि चार सेवक. पहिली मूर्ती ३९९ रुपयांना, पुढच्या १७ प्रत्येकी १,२५० रुपयांना, एकूण २१,६४९. कुरिअरचे दर महिन्याचे ८० रुपये धरले की आपला २३ हजारांचा आकडा बरोबर येतो. पण ही बेरीज आपण शोधून काढलेली नाही. नोंदणीच्या पानावर ती लिहिलेली आहे आणि तिच्याखाली ‘मान्य’ हे बटण आहे. यात कर्ज नाही, व्याज नाही. ज्या महिन्यात नको वाटेल त्या महिन्यात थांबता येते, आणि आपण सातव्या मूर्तीनंतर थांबलात तेव्हा पुढे एक रुपयाही घेतलेला नाही. ३९९ मध्ये आमचा खर्चही निघत नाही. महाराजांची मूर्ती मुद्दाम शेवटी ठेवल्याचा आरोप आपण केला आहे. सिंहासन, छत्र आणि मूर्ती वेगवेगळे ओतून जोडावे लागतात, म्हणून ती सर्वांत महाग पडते आणि शेवटी येते. ती सुटी विकली तर मंत्री दत्ताजी त्रिंबक कोणीच घेणार नाही, हेही खरे आहे, आणि दत्ताजींशिवाय दरबार भरत नाही असे आमचे मत आहे.

मिळालेल्या सातही मूर्ती ठेवून भरलेले ७,८९९ रुपये परत मागणे मात्र आम्हाला रास्त वाटत नाही. मूर्ती परत केल्यास त्यांची स्थिती पाहून रक्कम देण्याबाबत विचार करता येईल. जाहिरातीत ३९९ च्या शेजारी एकूण रक्कम छापण्याचा आणि खोक्यावरील सूचना आणखी ठळक करण्याचा प्रयत्न पुढील छपाईपासून करू.

हंबीररावांची मूर्ती आमच्याकडे पाठवावी. ती नव्याने रंगवून देऊ, जाण्यायेण्याचा खर्च आमचा. तारे वाढवा असे आम्ही म्हणत नाही. अहवाल वाचून झाल्यावर ‘विष’ एवढा शब्द अभिप्रायातून काढता आला तर पाहावे, ही विनंती.

आपला नम्र,
संचालक