परदेशातून : आल्डर्लीचा जादूगार आणि लोणारचा राक्षस

गावाकडे शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तकं निवडण्यावरून वाद पेटलाय. काही पालक म्हणतात, राक्षस-जादूगारांची पुस्तकं नकोत, अंधश्रद्धा वाढते. वऱ्हाडी संवादांची तर नकोतच, पोरांची भाषा बिघडते. मँचेस्टरमध्ये बसून हे वाचताना डोकं तापतं.

इथून जवळच्या चेशर परगण्यातल्या आल्डर्ली एज या टेकडीकाठच्या गावात लेखक ॲलन गार्नर वाढला. जन्म 1934चा, घराणं कारागिरांचं. शाळेत चेशरची बोली बोलला म्हणून त्याचं तोंड कार्बोलिक साबणानं धुतलं होतं. तोच पोरगा ऑक्सफर्ड अर्ध्यावर सोडून परतला आणि 1960 साली त्याची 'द वीअर्डस्टोन ऑफ ब्रिसिंगामेन' ही मुलांसाठीची कादंबरी आली.

मूळ दंतकथा त्यानं आजोबांकडून ऐकलेली. मॉबर्लीचा शेतकरी पांढरी घोडी विकायला मॅकल्सफील्डच्या बाजाराला निघतो. वाटेत म्हातारा जादूगार ती मागतो, कारण टेकडीच्या पोटात झोपलेल्या सरदारांना एक घोडा कमी पडतोय. गार्नरनं यात एकच खुंटी ठोकली : मोबदल्याच्या जवाहिरात जादूचा खडाही निघून गेला. पिढ्यान्पिढ्या हातोहात फिरून तो कादंबरीतल्या सूझन नावाच्या मुलीच्या हातातल्या कड्यात येतो, आणि तिला पत्ताच नाही. सगळं रहस्य तिथून सुरू होतं. मुलं ज्या बोगद्यांतून सरपटतात, त्या तांब्याच्या जुन्या खाणी खऱ्या आहेत. निवेदन प्रमाण इंग्रजीत, शेतकरी गाउथरच्या तोंडी मात्र चेशरची बोली. बोलीचं माप एवढंच हवं. पानभर बोली घातली तर बाहेरचा वाचक थकतो, सगळीच पुसली तर गाउथर कुठलाही शेतकरी होतो.

आता लोणार घ्या. लवणासुर जमिनीखाली दडलेला, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं, ते ढाकेफळजवळ टेकडी होऊन पडलं. गावात दैत्यसूदनाचं देऊळ उभं आहे. गोष्टीला आणखी काय पाहिजे? म्हातारी "तिकडे जाऊ नोको बापू, कायं पानी हाय तठी" म्हणाली, तर कोणाची भाषा बिघडते? आणि 2013चा जादूटोणाविरोधी कायदा भोंदूंसाठी आहे, गोष्टींसाठी नाही.

आल्डर्ली एजच्या टेकडीवर रविवारी नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं पार्किंग भरलेलं असतं, पोरं नकाशा धरून जादूगाराची विहीर शोधतात. मला त्यांचा हेवा वाटतो. "तुम्ही तिकडं राहता, तुम्हाला काय कळतं" हे ऐकून घेतो, पण पोरांच्या यादीतून लवणासुर काढायला माझा विरोधच आहे.